मी जाळले, असं लिहा

स्वाईन फ्लू आला त्या वर्षी मी नाशकात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन मुली राहायचो. घरमालकीण निवृत्त मुख्याध्यापिका होती. आम्ही तिला काकू म्हणायचो. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, पण इथे करणार नाही. तेवढी सूट मी स्वतःला देते आहे.

तिचे यजमान म्हणजे काका. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं नोकरी करून घरी बसलेले, दम्याचे जुने रोगी. सकाळी स्वतःचा पेपर वाचून झाला की त्याची घडी करून आमच्या जिन्यात ठेवायचे. घरात त्यांचा आवाज फारसा यायचा नाही. यायचा तो काकूचाच. तिचं अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. पाण्याच्या टाकीवर, मीटरच्या पेटीवर, बाथरूमच्या दारावर सूचना लिहिलेल्या असत आणि त्यांत एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नसे.

आमच्या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य असे आणि वर्षाअखेर एक प्रबंध. माझा प्रबंध नाशिकच्या आसपास फुलांचे मळे करणाऱ्या घरांतल्या बायकांवर होता. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या घेऊन गोदाकाठच्या बाजारात बसायचं, दुपारी परत जाऊन निंदणी करायची. अशा बायकांच्या तोंडून त्यांचं आयुष्य लिहून घ्यायचं. प्रत्येकीसाठी अकरा पानांची प्रश्नावली. त्यांना बसून बोलायला वेळ नसायचा, म्हणून मी त्यांच्याबरोबर फुलं तोडत बोलायचे आणि बांधावर बसून लिहून काढायचे. साठ मुलाखतींचं ठरलं होतं, बासष्ट झाल्या. पहिल्या वर्षाच्या शेवटीच सुरुवात केली होती, साडेचार महिने लागले. झेरॉक्स काढली नव्हती. कॉम्प्युटरवर काही चढवलं नव्हतं. सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोलीतल्या माझ्या कॉटखाली.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि आठवड्याभरात नाशिक बदललं. लोक रुमालात कापूर आणि वेलदोडे बांधून हुंगत फिरू लागले. मेडिकलमधले मास्क संपले, मग शिंपी हिरव्या कापडाचे शिवून विकू लागले. सिटी बसमध्ये कुणी शिंकलं की त्याच्या शेजारची जागा रिकामी व्हायची. शाळा-कॉलेजं बंद झाली. माझ्या दोघी मैत्रिणी आपापल्या घरी गेल्या. मी थांबले, कारण सप्टेंबरात विभागात द्यायचा मुलाखतींचा तक्ता मला करायचा होता.

काकूनं जिन्याच्या पहिल्या पायरीवर फिनेलचं घमेलं ठेवलं. वर जाताना त्यात पाय बुडवायचे. मी बुडवत होते. आठवड्यानं मला ताप आला.

पहिला दिवस मी लपवला. दुसऱ्या दिवशी खोकला काही लपेना. सकाळीच काकू तोंडाला पदर धरून जिन्याच्या अर्ध्यात येऊन उभी राहिली.

"किती आहे ताप?"

"मोजला नाही, काकू. साधाच आहे. आडगावला भिजले होते."

"साधा की काय ते तू ठरवायचं नाहीस. खाली दम्याचा माणूस आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

मी गेले. दीड तास रांगेत उभी राहिले. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, साधा ताप आहे, नमुना घ्यायची गरज नाही, घरी विश्रांती घ्या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मी परत आले तेव्हा फाटकाला आतून कुलूप होतं आणि माझी कपड्यांची बॅग बाहेर कट्ट्यावर ठेवलेली होती. बॅगेवर माझा टूथब्रश होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला.

काकू खिडकीत आली. मी चिठ्ठी उंच धरली.

"काकू, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"तो कागद कुठून कुठून फिरून आलाय कुणास ठाऊक. हात लावायला सांगू नकोस. गावी जा, बरी हो, मग बघू."

"निदान बसायला तरी द्या थोडं. उभं राहवत नाही."

"बस स्टँडवर बाकडी आहेत," ती म्हणाली आणि तिनं खिडकी लावली. समोरच्या बंगल्यातली बाई कुंड्यांना पाणी घालता घालता हे सगळं पाहत होती. मी तिच्याकडे पाहिल्यावर ती आत निघून गेली.

सटाण्याच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. खोकला आला की बॅगेत तोंड खुपसायचे, कारण कंडक्टरनं उतरवलं असतं तर मला चालवलंही नसतं. घरी आईनं काही विचारलं नाही. कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पडी ऱ्हाय, माय. बरी व्हई जाशी." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा पहिल्यांदा खोक्याची आठवण झाली. मी फोन लावला.

"काकू, कॉटखाली माझं एक खोकं आहे. कागद आहेत प्रबंधाचे. तेवढे नीट ठेवा."

"हो, आहेत," काकू म्हणाली. "तू येण्याची घाई करू नकोस."

बारा दिवसांनी मी गेले. खोली धुऊन काढलेली, भिंतीला चुना लावलेला. कॉट भिंतीशी उभी केलेली. माझी गादी नव्हती, उशी नव्हती, खोकं नव्हतं. काकू खाली तुळशीला पाणी घालत होती.

"काकू, खोकं कुठाय?"

"जाळलं सगळं. गादी, उशी, कागद. कडुलिंबाचा पाला घालून जाळलं मागच्या अंगणात. जंतू कागदावर राहतात. पेपरात आलं होतं."

मला आठवतं, मी ओरडले नाही. मागच्या अंगणात गेले. काळा डाग होता, पावसानं अर्धा धुतलेला. खोक्याला लावलेल्या पिनांपैकी दोन मातीत दिसल्या. त्या मी उचलल्या आणि परत आले.

"त्यात बासष्ट बायका होत्या," मी म्हणाले.

"बायका नव्हे, कागद होते," ती म्हणाली. "पुन्हा लिहिता येतात. माणूस गेला की पुन्हा येत नाही."

मुख्याध्यापिकाच ती. शेवटचं वाक्य आपलं असायला हवं ही सवय होती तिला. मी फाटकातून बाहेर पडले आणि त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरा विषय राहिला नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी देवळाली कॅम्पात राहायची. तिचे वडील सैन्यात होते. तिच्या क्वार्टरमध्ये मला जागा मिळाली. रोज बसनं शहरात यायचे आणि सबंध वाटेत काकूला काय काय करता येईल याचा विचार करायचे. तिच्या फाटकावर डांबरानं लिहावं. महापालिकेला निनावी पत्र पाठवावं की या घरात रुग्ण लपवला आहे. तिच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींना गाठून तिच्याबद्दल काहीबाही पसरवावं. हे सगळं मी अगदी बारकाईनं रचायचे, पत्रातली वाक्यंसुद्धा. त्यानं मला बरं वाटायचं. ताप गेल्यावर अंगात जो रिकामेपणा राहिला होता तो या विचारांनी भरून निघत होता.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "असं काय शे त्या कागदस्मा?" त्या कागदांत असं काय होतं, ते मला सांगता येईना. मी म्हटलं, तुझ्यासारख्या बायका.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मुदतवाढ मिळू शकते. पण दर वर्षी कुणाचे ना कुणाचे कागद जळतात, भिजतात, बसमध्ये राहतात. विभागाला काहीतरी लेखी लागेल. त्या बाईकडून लिहून आण."

"ती देणार नाही, मॅडम."

"मग अवघड आहे."

त्याच आठवड्यात विभागात सूचना लागली. तास बंद होते, पण शहरात फ्लूची तपासणी केंद्रं उघडली होती आणि तिथे कागदपत्रांचं काम करायला माणसं कमी पडत होती. तयार असतील त्या विद्यार्थ्यांचे तिथले दिवस क्षेत्रकार्यात धरले जाणार होते. मी नाव दिलं. मला ताप येऊन गेला होता, भीती वाटत नव्हती.

एका सरकारी दवाखान्याच्या आवारात मंडप घातला होता. दारात माझं टेबल. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. येणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, ताप किती दिवस, खोकला, दम, इतर आजार, हे सगळं अर्जावर लिहायचं आणि नंबर द्यायचा. ज्याला दम लागतोय, वय जास्त आहे किंवा जुना आजार आहे, त्याच्या अर्जावर लाल पेन्सिलीनं फुली मारायची. फुलीचा अर्ज सिस्टर आधी उचलत. बाकीचे रांगेनं. पहिल्या दिवशी सिस्टरनी मला बजावलं होतं, "फुली चुकली तर माणूस जाईल. नीट बघत जा." मी नीट बघत होते. नऊ दिवस एकही चूक केली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अर्ज लिहिताना मान वर न करता मी नाव विचारलं आणि आवाज ऐकला.

"अर्ज यांचा आहे. माझा नाही."

काकूनं नाकातोंडाला रुमाल बांधला होता, कापराचा वास येत होता. काका तिच्या खांद्याला धरून उभे होते. तीन दिवसांचा ताप. त्यांचे खांदे श्वासागणिक वर-खाली होत होते.

"यांना दम आहे हो," काकू म्हणाली. "आधीपासूनच आहे. जरा लवकर बघा."

मी अर्ज पूर्ण लिहिला. वय लिहिलं. दमा लिहिला. लाल पेन्सिल माझ्या हाताशी होती.

"इथे सगळ्यांनाच काहीतरी आहे, बाई," मी म्हणाले. "तिकडे बाकडी आहेत."

फुली मारली नाही. अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

हे मी रागाच्या भरात केलं असं म्हणायची सोय नाही. मी शांत होते. पुढच्या माणसाचं नाव विचारलं, त्याचा अर्ज लिहिला. मध्ये मध्ये बाकड्याकडे बघत होते. काकू काकांना पदरानं वारा घालत होती. दोनदा उठून टेबलाशी आली. पहिल्यांदा तिनं विचारलं, अजून किती. मी म्हटलं, नंबर येईल तेव्हा. दुसऱ्यांदा ती नुसतीच उभी राहिली आणि परत गेली. तिला असं परत जाताना बघून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. काका आहेत हे मला दिसत होतं. पण ते मला तिचाच एखादा अवयव असावेत तसे दिसत होते. त्यांना दुखलं तरच तिला दुखणार होतं.

अडीच तास झाले. सिस्टर पाणी प्यायला बाहेर आल्या आणि बाकड्यापाशी थबकल्या. काकांचे ओठ निळसर पडले होते. मग धावपळ झाली, स्ट्रेचर आलं, काकांना आत नेलं. सिस्टरनी गठ्ठ्यातून अर्ज शोधून काढला आणि माझ्यासमोर धरला.

"दमा तू स्वतःच लिहिलायस. मग फुली कुठाय?"

"राहिली," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलून घेतली. "उद्यापासून टेबलावर बसू नकोस. आतली कामं कर," एवढंच म्हणाल्या. त्यांना काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही.

आतली कामं म्हणजे नोंदवह्या भरणं आणि नातेवाइकांनी आणलेले डबे वॉर्डच्या दारातून आत देणं. काकांना विलगीकरणात ठेवलं होतं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्टीलचा डबा घेऊन व्हरांड्यात उभी होती. मुलगी पुण्यात, तिला येता येत नव्हतं. शेजारचं कुणी रिक्षापर्यंतसुद्धा आलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी डब्यासाठी हात पुढे केला आणि मास्क खाली ओढला. तिनं ओळखावं म्हणून.

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"काल टेबलावर तूच होतीस," ती म्हणाली. "पहिल्याच वाक्याला ओळखलं आवाजावरून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू आणखी मागे टाकलं असतंस."

अडीच तास मी जो आनंद चोरून खात होते तो तिनं माझ्यासमोर बसूनच पाहिला होता. आणि ती म्हणाली ते खरं होतं. मी टाकलं असतं.

"मला लेखी पाहिजे," मी म्हणाले. "माझे कागद तुम्ही जाळलेत असं. तुमच्या अक्षरात."

"आणि नाही दिलं तर डबा नेणार नाहीस."

डबा न नेण्याइतकी मी गेले होते का, ते मला आजही सांगता येत नाही. पण तसं तिला वाटू दिलं. वहीतला कागद फाडून दिला, पेन दिलं. व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तिनं लिहिलं. त्या अवस्थेतही अक्षर मोत्यासारखंच. मी वाचलं. 'सदर विद्यार्थिनीचे प्रबंधाचे कागद साफसफाईच्या वेळी चुकून जळाले.'

"'चुकून' काढा," मी म्हणाले.

तिनं खोडलं.

"खोडलेलं चालणार नाही. नवीन लिहा."

दुसरा कागद दिला. 'साफसफाईच्या वेळी जळाले.'

"आपोआप जळाले?"

"मग काय लिहू?"

"मी जाळले, असं लिहा. तिला न विचारता जाळले. बासष्ट मुलाखती, तेही लिहा."

तिचा हात थांबला. आयुष्यभर तिनं मुलींना पुन्हा लिहायला लावलं असेल. तिला असं लिहायला लावणारं कुणी भेटलं नसावं. तिसऱ्या कागदावर तिनं सगळं लिहिलं, सही केली, खाली पूर्ण पत्ता घातला. मी वाचून घडी केली आणि डबा उचलला.

आत काका ऑक्सिजनवर होते, पण शुद्धीवर. मी मऊ भात चमच्यानं भरवला. त्यांनी मास्कमधून मला ओळखलं की नाही ते कळेना. तिसऱ्या दिवशी नळी काढली तेव्हा ते म्हणाले, "ती कागद जाळत होती तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. तू गेलीस त्याच दुपारी. मी बघत होतो."

"त्याच दुपारी?"

"हो. तुझा फोन आला तेव्हा राख गार झाली होती."

मी विचारलं, "तुम्ही थांबवलं का नाही?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की माहीत नाही म्हणून, कोण जाणे. त्यांच्या निळ्या ओठांबद्दल माझ्या मनात जो काटा होता तो त्या दिवशी थोडा बोथट झाला. पूर्ण गेला नाही. तो अजून आहे, आणि तो काकांच्या वाट्याचा आहे, तिच्या नव्हे. ते तिथे होते तोवर रोज मी डबा नेला. नवव्या दिवशी काका चालत घरी गेले.

मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं. "अक्षर किती सुंदर आहे," म्हणाल्या. मला तीन महिन्यांची मुदत मिळाली. मी पुन्हा मळ्यांत जायला लागले. या वेळी चाळीसच जमल्या. काहींनी मागच्या वेळेपेक्षा वेगळंच सांगितलं, काहींनी पुन्हा सांगायला नकार दिला. म्हसरूळच्या एका बाईनं हातातली झेंडूची टोपली खाली ठेवून विचारलं, "माघारी का आली? तवा सांगितलं त्याचं काय झालं?"

मी तिला सगळं सांगितलं. बॅग, खोकं, टेबल, फुली, पत्र. फक्त तिलाच.

"अडीच तास व्हय?" ती म्हणाली. "म्या तर दिवसभर बसवलं असतं." मग टोपली उचलून, "आन म्हातारा मेला असता म्हंजे?"

मी म्हटलं, "तो विचार तेव्हा केला नाही."

"नाय केला ते खरं," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे वळली. "चल, लिही. मला बाजार हाय."

प्रबंध पास झाला. फार चांगला झाला नाही. पहिल्या बासष्टांत जे होतं ते त्यात नाही, हे मला आणि त्या बायकांनाच माहीत आहे.

पुढच्या जूनमध्ये काकूनं फाटकावर पाटी लावली, 'मुलींसाठी खोली देणे आहे'. आमच्याच विभागातल्या नव्या मुली पत्ता विचारत माझ्याकडे येत. मी त्यांना त्या तीन कागदांतले पहिले दोन दाखवायचे, जे मी टाकून दिले नव्हते, आणि तिसऱ्यात काय लिहिलं होतं ते सांगायचे. त्या वाचायच्या आणि दुसरीकडे खोली बघायच्या. एकीनं विचारलं, "ताई, इतकी वाईट आहे का ती बाई?"

"स्वच्छ आहे," मी म्हणाले. "पाणी चोवीस तास असतं. पण तू तिथे राहू नकोस."

नाशिक सोडेपर्यंत मी हेच सांगत राहिले. खोली दोन वर्षं रिकामी होती असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही.